'कोणती ॲक्शन जास्त अचूक?' या प्रश्नाचं उत्तर पाच गोळ्यांत मिळत नाही

मंडळी, या ब्लॉगवर रायफलीचा विषय पाहून काहींच्या भुवया वर जातील. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना बंदूक हा शब्दसुद्धा घरात नको असतो, आणि त्यामागची कारणं मला पूर्ण पटतात. पण आज ज्या रायफलीबद्दल लिहितोय ती टेबलावरून उचलून नीट खांद्याला लावणंही कठीण. तिच्यात एका वेळी एकच काडतूस बसतं, आणि कागदाला भोक पाडण्यापलीकडे तिचा उपयोग शून्य. त्या अर्थाने ती शस्त्रापेक्षा प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जास्त जवळची आहे. मला रस आहे तो त्या उपकरणात, आणि त्याहून जास्त, ते विकत घेताना माणसं जो युक्तिवाद करतात त्यात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझ मिळवलं. त्यानंतर माझ्या ओळखीच्या दोन-तीन मराठी घरांत नेमबाजीचं वेड शिरलं. कुसाळेचा खेळ म्हणजे स्वतःचं शरीर स्थिर ठेवण्याची कसोटी: गुडघ्यावर बसून, पालथं पडून, उभं राहून. पण इथल्या क्लबात जाणारे आपले काही इंजिनिअर लोक त्याच्या बरोबर उलट टोकाच्या खेळाकडे ओढले गेले. त्याचं नाव बेंचरेस्ट. यात माणसाचं शरीर शक्य तितकं बाजूलाच काढायचं. काँक्रीटच्या जड टेबलावर पुढे एक रेस्ट, मागे वाळूची पिशवी, त्यावर रायफल ठेवलेली. काही जण तर चापावरच्या एका बोटाखेरीज रायफलीला हातच लावत नाहीत. मग अचूकतेचं श्रेय किंवा दोष उरतो तो यंत्राचा, दारूगोळ्याचा आणि हवेचा. इंजिनिअरला आवडेल असाच खेळ.

नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १०० किंवा २०० यार्डांवर एका कागदावर पाच गोळ्या मारायच्या. एकमेकांपासून सर्वात लांब असलेल्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं, तो झाला तुमचा 'ग्रुप'. लक्ष्याच्या मधोमध लागलं का याला इथे महत्त्व नाही, सगळ्या गोळ्या एकाच जागी गेल्या का ते महत्त्वाचं. असे पाच ग्रुप मारायचे आणि त्यांची सरासरी काढायची, तिला म्हणतात 'ॲग्रिगेट'. सर्वात छोटा ॲग्रिगेट जिंकतो. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, चांगल्या हवेत जिंकणारा ॲग्रिगेट साधारण ०.२ इंचाच्या आसपास असतो. पाच मिलिमीटर. अमेरिकेतली नॅशनल बेंच रेस्ट शूटर्स असोसिएशन ही संस्था १९५१ पासून या स्पर्धा चालवते. 'लाइट व्हार्मिंट' वर्गात रायफलीचं वजन दुर्बिणीसकट साडेदहा पौंडांच्या वर जाऊ द्यायचं नाही, 'हेवी व्हार्मिंट'मध्ये साडेतेरा. ही वजनाची मर्यादा लक्षात ठेवा.

आता ॲक्शन. रायफलीचे ढोबळ भाग चार: बॅरल, स्टॉक, चाप आणि या सगळ्यांना जोडणारा मधला धातूचा ठोकळा. तोच ॲक्शन. तिच्या बाहेरच्या कवचाला रिसीव्हर म्हणतात आणि आत पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याला बोल्ट. हे डोळ्यांसमोर आणायला आपल्याला सोपं आहे, कारण आपण भारतातले दोन पिनांचे बल्ब बदललेले आहेत. बल्ब होल्डरमध्ये दाबायचा आणि फिरवायचा, की दोन पिना खाचेत अडकतात. बोल्टचंही तसंच. पुढे ढकलायचा, फिरवायचा, की त्याच्या तोंडाशी असलेले दोन दणकट कान, म्हणजे 'लग', रिसीव्हरच्या आतल्या कड्यामागे अडकतात आणि काडतुसाची मागची बाजू बंद होते. अमेरिकेतला बल्ब आट्यांवर फिरवून बसवतात, तसं बॅरल रिसीव्हरच्या पुढच्या तोंडात आट्यांवर बसतं. एका होल्डरमध्ये दोन्ही देशांचे बल्ब, अशी ही रचना.

गोळी सुटते तेव्हा काय होतं? या खेळात गेली चार-पाच दशकं ६ मिलिमीटर पीपीसी नावाच्या काडतुसाचं राज्य आहे. लुई पाल्मिसानो हे सर्जन आणि फेरिस पिंडेल हे यंत्रकारागीर, या जोडीने ते सत्तरच्या दशकात बनवलं. आत दाब तयार होतो चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात. काडतुसाच्या बुडाच्या क्षेत्रफळाने गुणलं तर बोल्टच्या तोंडावर मागच्या दिशेने तीन-चार टनांचा धक्का येतो, आणि तो पूर्णपणे त्या दोन कानांवर पडतो. सगळा प्रकार आटोपतो मिलिसेकंदाच्या आसपास. तेवढ्यात साडेचार ग्रॅमची गोळी बॅरलबाहेर पडलेली असते, सेकंदाला एक किलोमीटरच्या वेगाने.

या एका मिलिसेकंदात बॅरलचं तोंड किती हलून चालेल? १०० यार्डांवर ०.१ इंच फरक पडायला बॅरलचा कोन सुमारे ०.००००२८ रेडियन बदलला तरी पुरे. बावीस इंची बॅरलच्या टोकाला हे होतं पंधरा-सोळा मायक्रॉन, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा. दोन कानांपैकी एकच टेकला असेल, तर तीन-चार टनांचा धक्का बोल्टच्या मध्यरेषेपासून सेंटिमीटरभर बाजूला लागतो. म्हणजे गोळी आत असतानाच सगळी रायफल वाकवायला टपलेला एक आडवा पीळ तयार. ॲक्शनवर एवढा खल का होतो ते इथे कळतं. चिंता खोटी नाही.

कारखान्यात हजारोंनी बनणाऱ्या ॲक्शनमध्ये ही चिंता खरीही ठरते. १९६२ साली आलेली रेमिंग्टन ७०० हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. रचना उत्तम, पण ठोक उत्पादनात एक कान आधी टेकतो, बोल्टचं तोंड बॅरलच्या अक्षाशी काटकोनात नसतं, आटे किंचित तिरके असतात. म्हणून गनस्मिथ तिला लेथवर चढवून सगळे पृष्ठभाग एकाच अक्षाशी जुळवून घेत. सत्तरच्या दशकात तर तिच्याभोवती ॲल्युमिनियमची जाड बाही चिकटवून ताठपणा वाढवण्याची पद्धत होती. मग लोकांनी विचार केला, दुसऱ्याची चूक दुरुस्त करत बसण्यापेक्षा पहिल्यापासूनच नीट बनवू. त्यातून कस्टम ॲक्शनचा व्यवसाय उभा राहिला.

आणि त्यातून पंथही उभे राहिले. वारकरी-धारकरी परवडले!

एक पंथ ॲल्युमिनियमवाल्यांचा. राल्फ स्टॉली यांची 'पांडा' ही त्यांची आद्य ॲक्शन. १९८०च्या दशकापासून ओहायोतल्या केल्बली कुटुंबाच्या कारखान्यातून ती येते. कवच ॲल्युमिनियम मिश्रधातूचं, पण बोल्टचे कान जिथे टेकतात तिथे आत पोलादी भाग बसवलेला. हा युक्तिवाद मला फार सुंदर वाटतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश ताठ आणि एक तृतीयांश जड. म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा दोघांचा जवळजवळ सारखाच, मग फायदा काय? फायदा आकारात आहे. तेवढ्याच वजनात ॲल्युमिनियमचा ठोकळा तिप्पट जागा व्यापतो, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीबरोबर फार वेगाने वाढतो. समान वजनाच्या भरीव दांड्यांचा हिशेब केला तर ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी दांड्याच्या पावणेतीनपट ताठ निघतो. खरा रिसीव्हर भरीव नसतो, त्याला खिडक्या कापलेल्या असतात, त्यामुळे एवढा फायदा हाती लागत नाही. पण दिशा बरोबर आहे, आणि साडेदहा पौंडांच्या मर्यादेत वाचलेलं वजन बॅरलला देता येतं.

दुसरा पंथ पोलादवाल्यांचा, आयडाहोच्या बॅट मशीनसारख्यांचा. त्यांचं म्हणणं, पोलादी बॅरल पोलादी घरातच शोभतं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, मग सांध्यावर दोन वेगळ्या स्वभावांचे धातू कशाला? शिवाय यंत्रणा घट्ट, घासकाम अत्यंत सफाईदार. बोल्ट मागे घेताना होणारा तो तेलकट, रेशमी स्पर्श एकदा अनुभवला की डॉलर आपोआप खिशातून निघतात, हे मी पाहिलं आहे.

तिसरा वाद कानांच्या संख्येचा. दोन कानांच्या बोल्टमध्ये एक गोम आहे. बोल्ट बंद असताना चापाचा अडकाव बोल्टचं मागचं टोक किंचित वर ढकलतो. त्यामुळे पुढचा वरचा कान आपल्या जागेवरून केसभर सुटतो, आणि गोळी सुटताच तो दणकन जाऊन बसतो. यावर जिम बोर्डन यांनी बोल्टवर दोन ठिकाणी सूक्ष्म उंचवटे ठेवले. बोल्ट सरकताना ते मोकळे असतात, बंद झाला की घट्ट. न्यूझीलंडच्या बार्नार्डसारखे लोक तीन कान देतात, कारण तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. पण तीन कानांत बोल्ट ९० ऐवजी ६० अंशांतच उघडायचा, तेवढ्याच फेऱ्यात फायरिंग पिनची स्प्रिंग दाबायची, मग हात जास्त जोरात लावावा लागतो. तो जोर पिशव्यांवर अलगद ठेवलेल्या रायफलीला हलवतो. इकडून मिळवायचं आणि तिकडून गमवायचं.

इथवर वाचून वाटेल की उत्तर अभियांत्रिकीतच आहे: गणित मांडा, जी ॲक्शन जास्त ताठ तिचे ग्रुप लहान. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. यातले बहुतेक फरक खरे आहेत, आणि तरीही चांगल्या दोन कस्टम ॲक्शनमध्ये 'कोणती जास्त अचूक' हे कागदावरच्या भोकांवरून कोणीही सांगू शकत नाही. जो छातीठोकपणे सांगतो तो बहुधा स्वतःच्या खर्चाचं समर्थन करत असतो.

का, ते पाहू. आधी वारा. पीपीसीच्या गोळीला ताशी एक मैल वेगाचा आडवा वारा १०० यार्डांवर साधारण ०.०८ इंच, म्हणजे दोन मिलिमीटर ढकलतो. २०० यार्डांवर चौपटीहून जरा जास्त. ताशी एक मैल म्हणजे उदबत्तीचा धूर कलेल एवढी झुळूक. मैदानात टेबलापासून लक्ष्यापर्यंत पाच-सहा ठिकाणी लोक झेंडे आणि भिरभिरी लावतात ती याचसाठी.

वारा काढून टाकला तर? हा प्रयोग झालेला आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये तीनशेहून अधिक यार्ड लांबीच्या एका बंद गोदामात व्हर्जिल किंग आणि त्यांच्या सोबत्यांनी रात्री-रात्री नेमबाजी केली. डेव्ह स्कॉट यांनी नंतर त्याचा वृत्तांत लिहिला, आणि या खेळातल्या लोकांना तो जवळपास पाठ आहे. त्या निवांत हवेत उत्तम रायफलींनी ०.१ इंचाच्या आतले ग्रुप सातत्याने दिले. तसल्याच रायफली बाहेर मैदानात ०.२ वर येतात.

आता पायथागोरसला बोलवू. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं असतं. एकूण ०.२० आणि रायफलीची स्वतःची ०.१० असेल, तर वारा आणि तो वाचणारा माणूस यांचा वाटा निघतो ०.१७. उरलेल्या ०.१० मध्ये बॅरल आहे, गोळीचा असमतोल आहे, बारूद आहे, स्टॉकमधली बैठक आहे, दुर्बीण आहे, आणि एका कोपऱ्यात ॲक्शनही आहे. उदारपणे ॲक्शनला ०.०५ देऊ. आता एखाद्या जादूगाराने तुम्हाला शून्य चुकीची, दैवी ॲक्शन दिली. तुमचा ०.२०० चा ग्रुप किती होईल? ०.१९४. तीन टक्के! आणि हा फरक सदोष ॲक्शन आणि परिपूर्ण ॲक्शन यांच्यातला. दोन नामांकित कस्टम ॲक्शनमधला फरक याचा आणखी एक तुकडा.

"तीन टक्के तर तीन टक्के, स्पर्धेत तेवढ्यानेही जिंकतात," असं कोणी म्हणेल. मान्य. पण तो फरक तुमच्याकडे आहे हे तुम्हाला कळणार कसं? पाच गोळ्यांचा ग्रुप हे अतिशय चंचल माप आहे. त्याच रायफलीने, त्याच हवेत, काहीही न बदलता ग्रुप मारत राहिलात तर त्यांचा आकार सरासरीच्या आसपास सुमारे २७ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. हे कोणाच्या कौशल्यावर नाही, पाच यादृच्छिक बिंदूंच्या भूमितीवर अवलंबून आहे. पाच ग्रुपांची सरासरी घेतली तरी १२ टक्क्यांची थरथर उरतेच. म्हणजे शनिवारी ०.२२ आणि रविवारी ०.२५ आलं तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. आणि क्लबात नेमकं याच पुराव्यावर "नवी ॲक्शन बसवली आणि ग्रुप लगेच आवळले" असं ऐकायला मिळतं.

दोन ॲक्शनमधला पाच टक्क्यांचा फरक जेमतेम विश्वासाने दाखवायचा तर प्रत्येकीचे सव्वादोनशेहून जास्त ग्रुप लागतील, म्हणजे अकराशे-बाराशे गोळ्या. आणि ही गंमत पाहा: पीपीसीचं स्पर्धेच्या दर्जाचं बॅरल साधारण हजाराच्या आसपास गोळ्यांनंतर उतरणीला लागतं. ॲक्शनची परीक्षा पुरी होण्याआधी बॅरल मरतं. नव्या बॅरलचा स्वभाव वेगळा, आणि दोन बॅरलमधला फरक दोन ॲक्शनमधल्या फरकाहून मोठा. तराजूची दांडीच दर तासाला बदलत असेल तर सोनं तोलायचं कसं?

मग लोक विक्रमांकडे बोट दाखवतात. १९७३ साली मॅक मॅकमिलन यांनी १०० यार्डांवर ०.००९ इंचाचा ग्रुप मारला. तो विक्रम चाळीस वर्षं टिकला, २०१३ मध्ये माइक स्टिनेट यांनी ०.००७७ मारेपर्यंत. चाळीस वर्षांतली सगळी सीएनसी यंत्रं, सगळ्या नव्या ॲक्शन, यांची एकूण कमाई ०.००१३ इंच, मिलिमीटरचा तिसावा भाग? अर्थातच नाही. एकेकटा ग्रुप हा नशिबाच्या टोकाचा नमुना असतो. जगभर मारल्या गेलेल्या असंख्य ग्रुपांतला तो सर्वात भाग्यवान. त्यावरून ॲक्शनची पारख करणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाला गुंतवणुकीचा सल्ला विचारणं.

दुसरा पुरावा म्हणजे विजेत्यांच्या सामानाची यादी. मोठ्या स्पर्धांनंतर पहिल्या वीस जणांची ॲक्शन कोणाची, बॅरल कोणाचं, गोळी कोणाची, असा तक्ता छापतात. वीसपैकी बारा जणांकडे एकाच कंपनीची ॲक्शन दिसली की खरेदीची रांग लागते. हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. बारावीच्या निकालानंतर क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती, त्यात गुणवंतांचे फोटो. त्या क्लासला एकूण किती मुलं बसली होती हे त्या पानावर कधी नसतं. शंभर स्पर्धकांपैकी साठांकडे तीच ॲक्शन असेल तर वीसात बारा हा योगायोगाइतकाच आकडा झाला. त्यात पुन्हा उत्तम नेमबाज महाग सामान घेतात, आणि निर्मातेही उत्तम नेमबाजांच्या मागे असतात. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्या तक्त्यातून उलगडत नाही.

माझ्याशी न पटणारा एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळणार नाही. भोकं मोजून कळत नसेल तर कारणंच थेट मोजा ना! सँडिया प्रयोगशाळेतले एरोबॅलिस्टिक्सचे तज्ज्ञ हॅरल्ड व्हॉन यांनी हेच केलं. रायफलीवर संवेदक लावून गोळी सुटतानाची हालचाल मोजली, बॅरल आणि रिसीव्हरच्या आट्यांच्या सांध्यात धक्क्याने सूक्ष्म सरक होते हे दाखवलं, कानांच्या असमान टेकण्याचा परिणाम तपासला. १९९८ मध्ये आलेलं त्यांचं 'रायफल ॲक्युरसी फॅक्ट्स' हे पुस्तक वाचताना मला एखादी चांगली शल्यक्रिया पाहिल्यासारखं वाटलं. त्याही आधी, १९०९ पर्यंत, मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी बॅरल काँक्रीटच्या खांबावर पक्कं ठेवून, गोळ्यांच्या बुडाला आणि टोकाला मुद्दाम इजा करून, कोणत्या दोषाने नेम किती ढळतो ते तपासलं होतं. बुडाची इजा महागात पडते, टोकाची फारशी नाही, हे त्यांनी दाखवलं. हा मार्ग मला सर्वात प्रामाणिक वाटतो. पण तो आपल्याला नेतो कुठे? कान समान टेकलेले हवेत, बोल्टचं तोंड काटकोनात हवं, सांधा घट्ट हवा, रिसीव्हर स्टॉकमध्ये ताणाशिवाय बसायला हवा. या सगळ्या अटी आज कोणतीही प्रतिष्ठित कस्टम ॲक्शन पाळते. परीक्षा पास व्हायला लागणारे गुण सगळ्यांकडे आहेत. त्यापुढे ९६ आणि ९७ मध्ये फरक शोधण्याची आपली ऐपत नाही.

आणखी एक साक्षीदार: रेल गन. 'अनलिमिटेड' वर्गात वजनाची मर्यादा नाही, त्यामुळे तिथे जड धातूच्या रुळांवर मागे-पुढे सरकणारं यंत्र चालतं. त्यात बहुतेक वेळा बॅरल एका ठोकळ्यात आवळलेलं असतं आणि ॲक्शन मागे नुसती लोंबत असते. ना तिला बैठक, ना तिच्या ताठपणावर कशाचा भार. तरी ही यंत्रं साध्या रायफलींपेक्षा लहान ग्रुप देतात. रिसीव्हरच्या ताठपणावर अचूकता तितकीच टांगलेली असती तर हे दिसलं नसतं.

म्हणजे दीड-दोन हजार डॉलरची कस्टम ॲक्शन घेऊच नये का? घ्या. पण योग्य कारणासाठी घ्या, आणि ते कारण बहुतेक वेळा बोल्टच्या तोंडाशी नसून रिसीव्हरच्या खिडकीशी असतं. बेंचरेस्टच्या ॲक्शनना खिडक्या निरनिराळ्या बाजूंना कापलेल्या मिळतात. बोल्टची मूठ उजवीकडे, काडतूस भरायची खिडकी डावीकडे, वापरलेलं पितळ बाहेर पडायची आणखी कुठेतरी, काहींत तर ते खालून टेबलावर अलगद पडतं. म्हणजे उजवा हात मुठीवरून हलत नाही आणि डावा पुढचं काडतूस टाकतो. एका कागदाला सात मिनिटं मिळतात. अनुभवी नेमबाज झेंड्यांकडे पाहत थांबून राहतो, हवी ती हवा आली की पाचही गोळ्या वीस-पंचवीस सेकंदांत सोडतो, वारा बदलायच्या आत. अशा वेळी अडखळणारा बोल्ट किंवा तिरकं शिरणारं काडतूस यांची किंमत मायक्रॉनमध्ये नसते. एक सेकंद गेला, तेवढ्यात झुळूक फिरली, पाचवी गोळी तीन मिलिमीटर बाजूला. माझ्या मते चांगल्या ॲक्शनचं खरं काम हेच, माणसाला वाऱ्याशी खेळायला मोकळं सोडणं. ०.१७ वाल्या मोठ्या चुकीवर ती अशी आडवाटेने काम करते, ०.०५ वाल्या छोट्या चुकीवर नाही. म्हणून ॲक्शन निवडताना धातू आणि कानांवरून हमरीतुमरीवर येण्यापेक्षा तुमचा हात कोणता, दुर्बिणीतून नजर न हलवता बोल्ट मागे येतो का, सुटे भाग आणि बॅरल बसवणारा गनस्मिथ तुमच्या राज्यात आहे का, हे विचारा. स्वस्तातली जुनी, नीट सांभाळलेली ॲक्शन मिळाली तर ती घ्या आणि उरलेल्या पैशांत आणखी दोन बॅरल. दोन्हींमधलं चांगलं निघेल ते स्पर्धेला, दुसरं सरावाला. आणि झेंडे. झेंडे विकत घेताना लोक कंजूष का होतात मला कळत नाही.

या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये सर्वाधिक गुण जमवणाऱ्या टोनी बॉयर यांच्या पुस्तकात वारा आणि झेंडे यांना केवढी जागा आहे ते पाहण्यासारखं आहे.

तुमच्यापैकी कोणाला हा वाद खरोखर मिटवायचा असेल तर एक वाट शिल्लक आहे. हल्लीच्या काही ॲक्शन इतक्या काटेकोर बनतात की एकाच नमुन्याच्या दोन नगांत तेच बॅरल नव्याने न घडवता फिरवून बसवता येतं. वेगवेगळ्या निर्मात्यांच्या दोन ॲक्शनही एका बॅरलसाठी एकाच मापाच्या करून घेता येतील. मग एका बॅरलने दहा गोळ्या या ॲक्शनमध्ये, दहा त्या, क्रम नाणं उडवून ठरवलेला. म्हणजे बॅरल म्हातारं होत जाईल ते दोघींसाठी सारखंच. जागा बंदिस्त हवी, वारा नको. स्टॉकची भानगड नको, म्हणून रेल गनसारखी चौकट, पण त्यात बॅरलऐवजी ॲक्शन पकडलेली, नाहीतर आपण जे मोजायला निघालो तेच वगळलं जाईल. कागद मोजणाऱ्याला कोणता कागद कोणत्या ॲक्शनचा ते माहीत नको. आणि फक्त सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर न मोजता पाचही भोकांची केंद्रापासूनची अंतरं नोंदवा, त्याच गोळ्यांतून बरीच जास्त माहिती निघते. तीन-चार बॅरल, चार-पाच हजार गोळ्या, आणि वर्षभर दर शनिवारी येणारी चार चिकाटीची माणसं. खर्च दोन कस्टम ॲक्शनच्या किमतीपेक्षा बराच जास्त येईल, आणि बहुधा म्हणूनच क्लबात हा वाद चहाबरोबर अजून फुकट मिळतो.